थंडीत अडणारं मशीन

माझ्या डेस्कटॉपचा प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम दादाने २०१२ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणली. कॅबिनेट आणि एसएमपीएस नाशिकलाच घेतला आणि जोडणी आम्ही दोघांनी घरी बसून केली. इंटेलचा आय५-२४००, एच६१ चिपसेटचा बोर्ड, चार जीबी डीडीआर३ रॅम, त्यावर ३२ बिटची विंडोज ७. आज ही यादी कोणत्याही दुकानात वाचली तर समोरचा माणूस नव्या मशीनचं कोटेशनच पुढे करतो. पण माझं डीटीपीचं सगळं जुनं काम याच मशीनवर आहे. पेजमेकरची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ साली आली. तिच्यात मी लावलेली पुस्तकं, शाळांच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये आहेत, आणि त्या फाँटचं सॉफ्टवेअर यूएसबीला डोंगल लावल्याशिवाय चालत नाही. हाच मजकूर नव्या संगणकावर नेला की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. एखाद्या लेखकाला पंधरा वर्षांनी दुसरी आवृत्ती काढायची असते, तेव्हा ते माझ्याकडेच येतात. त्यामुळे हे मशीन सुरू होणं मला फार महत्त्वाचं आहे.

डिसेंबरात तक्रार सुरू झाली. सकाळी बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा घ्यायचा आणि थांबायचा. बीप नाही, डिस्प्ले नाही. थांबून थांबून पुन्हा दाबत राहिलं की कधीतरी तो फिरतच राहायचा, आणि मग रात्रीपर्यंत मशीन बिनतक्रार चालायचं. मधे रीस्टार्ट केलं तरी लगेच उठायचं.

रिक्षात घालून दुकानात नेलं तोवर दुपार झाली होती. तिथे पहिल्याच बटणाला सुरू झालं. "मॅडम, बोर्ड जुना झालाय, बदलूनच टाका," असं तिथल्या मुलाने सांगितलं. त्याला बिघाड दिसलाच नव्हता, आणि न दिसलेल्या बिघाडासाठी बोर्ड बदलणं मला पटेना. बोर्ड नवा घेतला की ११५५ सॉकेटचा हा प्रोसेसर त्यावर बसत नाही. प्रोसेसर बदलला की रॅमही बदलायची. एवढं करून नव्या बोर्डाला विंडोज ७चे ड्रायव्हर मिळत नाहीत. म्हणजे एका 'बदलून टाका'मध्ये सगळंच जाणार होतं.

घरी जोडलेल्या मशीनचा मोठा गुण हा, की त्यातला प्रत्येक भाग सुटा करून एकट्याला तपासता येतो. दादाने फोनवर सांगितलं, "ताई, सगळं काढ. जेवढ्यावर ते उठायलाच पाहिजे तेवढंच ठेव." हार्ड डिस्क, डीव्हीडी, ग्राफिक कार्ड, सगळं काढलं. या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असल्यामुळे कार्डाशिवायही पडद्यावर चित्र येतं. उरले बोर्ड, प्रोसेसर, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच अर्धा फेरा. कॅबिनेटचं बटण खराब असेल म्हणून बोर्डावरच्या बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडून पाहिल्या. फरक नाही.

रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसायच्या, हा आपल्याकडचा पहिला उपाय. पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्यांवर थर चढतो, तेव्हा तो पुष्कळदा लागूही पडतो. मीही पुसल्या. पण रॅमचा दोष असला की सहसा पंखा फिरत राहतो, फक्त डिस्प्ले येत नाही, आणि बोर्डाला छोटा स्पीकर जोडलेला असेल तर बीप वाजत राहतात. इथे पंखाच थांबत होता. म्हणजे गोष्ट रॅमपर्यंत पोचतच नव्हती.

त्यातच दुसरा एक बिघाड मिसळला होता आणि त्याने माझी बरीच दिशाभूल केली. मशीन सुरू झालं की तारीख काही वर्षं मागची दिसायची. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मोजला तर ३ व्होल्टच्या जागी २.६ भरला. नवा सेल टाकला, तारीख लावली, आणि त्यानंतर विंडोजचा लोगो येताच निळा पडदा! स्टॉप एरर, शेवटचे आकडे ७बी. हार्ड डिस्क गेली असं वाटून पोटात गोळा आला. डिस्क धडधाकट होती. सेल काढल्यावर बायोसमधल्या सगळ्या सेटिंग मूळपदावर गेल्या होत्या. त्यात साटा मोड एएचसीआयचा आयडीई झाला होता. विंडोज बसवताना एएचसीआय होता, त्यामुळे त्या विंडोजला स्वतःची डिस्कच सापडेना. बायोसमध्ये जाऊन मोड परत एएचसीआय केला आणि सगळं जागेवर आलं. या एका सेटिंगपायी किती लोकांनी विनाकारण डिस्क फॉरमॅट करून घेतल्या असतील, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सकाळचा हट्ट मात्र तसाच होता. मग एसएमपीएसकडे वळले. त्याची साधी चाचणी अशी: बोर्डातून चोवीस पिनांचा कनेक्टर काढायचा, त्यातली हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेला पेपरक्लिपने जोडायची, मग मेन चालू करायचा. हिरवी तार म्हणजे बोर्डाने दिलेली 'सुरू हो' ही आज्ञा. पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट यायला हवेत, ११.४ ते १२.६ एवढी सूट चालते. लाल तारेवर ५, केशरी तारेवर ३.३. माझ्या मल्टिमीटरवर सगळे आकडे नीट आले. पण या चाचणीत एसएमपीएसवर भार जवळजवळ नसतो. शिवाय मीटर सरासरी दाखवतो, वीज आतून थरथरत असेल तर ते त्याला कळत नाही. म्हणून मीटर 'ठीक' म्हणाला तरी माझं समाधान झालं नाही.

अडण्याची वेळ मी कॅलेंडरवर टिपत होते. त्यातून एक गोष्ट ठळक दिसली. नाशिकला पारा दहाच्या खाली गेला की मशीन जास्त अडायचं. ढगाळ, उबदार सकाळी कमी. मे महिन्यात एकदाही तक्रार नव्हती. एसएमपीएसमध्ये इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात, त्यांत ओलसर द्रव असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो सुकत जातो आणि कपॅसिटरचा अंतर्गत विरोध वाढतो. थंडीत तो आणखी वाढतो. मग सुरुवातीच्या झटक्याला व्होल्टेज डळमळतं. सगळे व्होल्टेज स्थिर झाल्याचा निरोप राखाडी तारेवरून बोर्डाला मिळायला हवा, तो मिळत नाही, आणि प्रोसेसरला सोडलंच जात नाही. एकदा आतून ऊब आली की हेच कपॅसिटर काम निभावून नेतात.

हे खरं की नुसता तर्क, हे पाहायला मुलीचा हेअर ड्रायर घेतला. मेन बंद ठेवून, एसएमपीएस कॅबिनेटबाहेर काढून त्याच्या जाळीतून मंद गरम हवा थोडा वेळ सोडली. बोर्ड गारच होता. बटण दाबलं आणि मशीन पहिल्या झटक्यात उठलं. दुसऱ्या दिवशी ऊब दिली नाही, तर अडलं. मग मुलीच्या संगणकाचा एसएमपीएस त्याच गार सकाळी लावला, आणि तेच मशीन लगेच उठलं. बोर्ड सुटला. मला इतका आनंद झाला, की सकाळी साडेसहाला दादाला फोन केला.

एसएमपीएस मी स्वतः उघडला नाही. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरत नाहीत. हे काम गल्लीतल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांचं. त्यांनी उघडून दाखवलं. आउटपुटच्या बाजूचे कपॅसिटर माथ्यावर फुगले होते, एकाच्या बुडाशी तपकिरी डाग होता. "हे ८५ डिग्रीचे आहेत," ते म्हणाले, "आपण १०५चे टाकू." तापमान दहा अंशांनी कमी राहिलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा त्यांच्या धंद्यातला हिशोब आहे, म्हणून जास्त अंशाचा कपॅसिटर त्याच उष्णतेत जास्त टिकतो. दुरुस्त झालेला एसएमपीएस आता सुटा म्हणून कपाटात आहे आणि मशीनला नवा लावला आहे.

नंतरच्या थंडीतही मशीन पहिल्या बटणाला उठलं. साटा मोड आणि सेल बदलल्याची तारीख कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवली. डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर घेतली. विंडोज ७चा पाठिंबा जानेवारी २०२०मध्येच संपला, म्हणून या मशीनला इंटरनेट नाही. फाइल पेनड्राइव्हने जातात. डोंगल गेला तर मात्र त्याला पर्याय नाही. म्हणून जुन्या फाइल युनिकोडमध्ये आणायला सुरुवात केली आहे. जोडाक्षरं आणि रफार तपासत जावं लागतं, वेळ फार जातो. आधी पुस्तकं घेतली आहेत, कारण त्यांच्या दुसऱ्या आवृत्त्या निघतात, स्मरणिका त्यानंतर.