चेन्नईतली ब्रह्मदेशी चूल

ब्रह्मदेश म्हटले की मराठी माणसाला लोकमान्यांचा मंडालेचा तुरुंग आठवतो, फार तर रत्नागिरीचा थिबा राजवाडा. तिथल्या घरांत रोज काय शिजते, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. त्याचे उत्तर शोधायला समुद्र ओलांडायचीही गरज नाही. संध्याकाळच्या वेळी चेन्नईच्या बीच रेल्वे स्थानकावर उतरावे, राजाजी सालैवरची बर्मा बाजाराची दुकाने मागे टाकावीत आणि सेकंड लाइन बीच रोडवर शिरावे. तळलेल्या लसणाचा वास पुढचा रस्ता दाखवतो.

इथल्या गाड्यांवर मैद्याच्या जाड, नारिंगी नूडल्सचा ढीग रचलेला असतो. विक्रेता मूठभर नूडल्स भांड्यात घेतो. त्यात बारीक चिरलेला कच्चा कोबी, कुरकुरीत तळलेला कांदा, लसणाचे तेल, चिंचेचे पाणी आणि लाल मिरचीची भरड पडते. वरून ‘बेजो’ नावाची कुरकुरीत तळणी चुरायची, लिंबू पिळायचे आणि सगळे हाताने कालवायचे. हे झाले ‘अथो’. ब्रह्मी भाषेत कालवलेल्या पदार्थाला ‘अथोउक’ म्हणतात. समुद्रप्रवासात शब्द थोडा झिजला, कालवण्याची रीत मात्र तीच राहिली. सोबत केळीच्या गाभ्याचे गरम सार मिळते आणि पोटात तळलेला कांदा-लसूण भरलेले उकडलेले अंडेही.

हे खाणे इथे कुणी हौसेने आणलेले नाही. इंग्रजी अमलात तमिळ व्यापारी, सावकार आणि मजूर मोठ्या संख्येने रंगूनला गेले आणि तिथेच रुजले. डिसेंबर १९४१ मध्ये रंगूनवर जपानी बाँब पडले आणि लाखो भारतीयांनी परतीची वाट धरली. कित्येकांनी ती डोंगर-जंगलांतून पायी तुडवली. दुसरा लोंढा १९६२ च्या लष्करी सत्तांतरानंतरचा. जनरल ने विन यांच्या राजवटीने दुकाने, गुदामे सरकारजमा केली. १७ मे १९६४ रोजी पन्नास आणि शंभर क्याटच्या नोटा रद्द झाल्या. आयुष्यभराची पुंजी कागद ठरली आणि माणसे बोटींनी मद्रासच्या बंदरात उतरली. बर्मा बाजार १९६९ चा, या निर्वासितांनी उभा केलेला. काही कुटुंबांनी मणिपूरमार्गे पायी परत जाण्याचा प्रयत्न केला, पण त्यांना सीमेवर अडवण्यात आले. ती मोरे गावातच राहिली. त्या गावात आज तमिळ देऊळ आहे. मे २०२३ पासून मणिपुरात उसळलेल्या हिंसाचाराची झळ या गावालाही बसली.

१९६४ मध्ये विशीत असलेल्या सुना आज ऐंशीच्या पुढे आहेत. गाडीवरचे अथो टिकेल, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. घरात निगुतीने रांधल्या जाणाऱ्या ब्रह्मी पदार्थांचे तसे सांगता येत नाही.

खरे तर आग्नेय आशियातल्या सगळ्या पाककलांत आपल्या गृहिणीला सर्वांत सोपी जाईल ती हीच. थाई स्वयंपाकाला लागणारी पाने आणि मुळे हुडकत फिरावे लागते. इथे निम्मे सामान आपल्याच फडताळात असते. मुख्य म्हणजे बेसन! ब्रह्मदेशात सार दाट करायला बेसन सर्रास वापरतात. रस्सा करण्याची रीतही ओळखीची आहे. कांदा, लसूण, आले आणि हळद बऱ्याचशा तेलात मंद आचेवर परतायचे. पाणी आटून तेल वर आले की ब्रह्मी स्वयंपाकात ‘तेल परतले’ असे म्हणतात. आपण ‘तेल सुटले’ म्हणतो, एवढाच फरक.

आपल्याकडच्या हॉटेलांत ‘खाउ स्वे’ म्हणून मिळते, ते बहुधा नारळाच्या दुधात बुडवलेले असते. मूळ नाव ‘ओन नो खाउ स्वे’, म्हणजे नारळाच्या दुधातल्या नूडल्स. त्यातला दाटपणा मात्र बेसनाचाही असतो, आणि हॉटेलवाले नेमके तेच विसरतात. चार माणसांसाठी अर्धी वाटी बेसन गार पाण्यात गुठळी न राहता कालवावे. हळद, कांदा, लसूण आणि आल्यावर परतून शिजवलेल्या कोंबडीच्या रश्श्यात ते ओतावे आणि ढवळत राहावे. बेसनाचा कच्चा वास गेल्यावरच नारळाचे दूध घालावे. आधी घातले तर फुटण्याची भीती. उकडलेले अंडे, कच्चा कांदा, तळलेल्या नूडल्स, मिरचीची भरड आणि लिंबू वेगवेगळ्या वाट्यांत मांडावे. ज्याचे त्याने आपल्या चवीने वाढून घ्यावे.

‘मोहिंगा’ला अधिक वेळ लागतो. हा तिकडचा सकाळचा नाश्ता. गोड्या पाण्यातला मासा हळद आणि गवती चहासह उकडतात. आपण चहात टाकतो तो पातीचा भाग. इथे बुडखा ठेचून घालतात. मग काटे काढून मासा कांदा-लसणावर परततात आणि भाजलेल्या तांदळाच्या पिठाने किंवा बेसनाने दाट केलेल्या सारात सोडतात. त्यात केळीच्या गाभ्याच्या चकत्या घालतात. गाभा चिरताना सुटणारे धागे बोटावर गुंडाळून काढावेत आणि चकत्या ताकाच्या पाण्यात ठेवाव्यात, नाही तर काळ्या पडतात. सोबतीच्या तांदळाच्या शेवया मिळाल्या नाहीत, तर मालवणकडचे शिरवाळे चालतील. नारळाच्या गोड रसाऐवजी माशाचे सार, हे मात्र मालवणी मंडळींना पचवावे लागेल.

शाकाहारी घरांसाठी शान प्रांताचे टोफू आहे. सोयाबीनशी त्याचा काही संबंध नाही. एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी, मीठ आणि चिमूटभर हळद एवढेच साहित्य. मिश्रण तासभर ठेवून मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचे, दाट होऊन चकाकी आली की तेल लावलेल्या थाळीत ओतायचे. गरम असतानाच नूडल्सवर घातले, तर ते थेट आपल्या पिठल्याच्या घराण्यातले वाटते. थिजल्यावर पाटवडीसारखे तुकडे कापून, चिंचेचे पाणी आणि तळलेला लसूण घालून कालवायचे किंवा तळायचे. शान घरांत पातळ काप बांबूच्या ताटव्यांवर कडक उन्हात वाळवून ठेवतात आणि लागतील तसे पापडासारखे तळून घेतात.