गाठीवरील आकडा

लबाड व्यापाऱ्यास बाजारच शासन करतो, असे मानणारे विद्वान आहेत. सरकारी निरीक्षकावाचून सचोटी संभवतच नाही, असे मानणारेही आहेत. आम्ही पडलो वाङ्मयाचे अध्यापक. तथापि छत्रपती संभाजीनगरासारख्या कापसाच्या मुलुखात राहून या वादाकडे पाठ फिरवणे आम्हांस बरे वाटत नाही.

अमेरिकेत यादवी पेटली आणि मुंबईस येणाऱ्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्याबरोबर गाठींतून सरकी, दगड व पाणीही निघू लागले. मिळेल तो माल उचलण्याची जेथे घाई, तेथे बाजार शासन करणार कोणास? १८६३ साली मुंबई सरकारने भेसळीविरुद्ध कायदा करून निरीक्षक नेमले. त्याविषयी व्यापाऱ्यांतच वाद माजला, आणि १८८२ साली तो उठला. पुढे १९२५ साली सरकी काढणाऱ्या व गाठी बांधणाऱ्या कारखान्यांसाठी कायदा झाला, तो आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो. प्रत्येक गाठीवर कारखान्याचे चिन्ह आणि अनुक्रमांक असलाच पाहिजे, असे त्याने ठरविले. जपानातील गिरणीत दगड निघाला, तरी तो कोणाच्या अंगणातला हे कळावे! ओळख पटवायची सरकारने, आणि शिक्षा करायची गिऱ्हाइकाने.

पण गाठ बांधली जाण्यापूर्वीच कापूस शेतकऱ्याच्या हातून गेलेला असतो. जुन्या काळी कित्येक बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे. ज्याचा माल, त्यालाच तो कळत नसे. बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघड लिलाव आणला, हा मोठाच उपकार. मात्र त्यांनीच परवान्यांचे कुंपणही घातले. आतले चार खरेदीदार एकमेकांचे सोयरे निघाले, तर लिलाव उघडा असून भाव झाकलेलाच. हे कुंपण ओलांडू देणारा कायदा केंद्राने २०२० साली केला आणि २०२१ साली मागे घेतला.

पैठणकडील आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील कापूस दारातच विकतात. काटा व्यापाऱ्याचा, आणि कडताही त्याच्याच मर्जीचा. "गावात दुसरा व्यापारी नाही काय?" आम्ही विचारले.

"आहे ना सर. पण पेरणीला उचल यांच्याकडूनच घेतलेली असते."

त्या घरी निरीक्षकाच्या आधी बँकेचे पीककर्ज वेळेवर पोचावे, असे आम्हांस वाटते. मग त्या गृहस्थांना काट्याकडे बोट दाखविता येईल, किंवा गाडी दुसऱ्याच्या दारी नेता येईल.