इंजिन क्षणभर अडखळते तेव्हा

गेल्या माघ महिन्यातील एका रविवारी दुपारी चिरंजीवांचा फोन आला. "पप्पा, आज दुकान बंद आहे ना? बुलेटचे पाने घेऊन कॉलेजच्या मागच्या मैदानावर याल का?" मुलगा मेकॅनिकल अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. गेल्या चार वर्षांत यंत्राच्या बाबतीत त्याने मला काही विचारल्याचे स्मरत नव्हते. गुळाच्या अडतीवर बसणाऱ्या बापाला यंत्रातले काय कळणार, असा त्याचा समज असावा. आणि तो समज दूर करण्याचा प्रयत्न मीही कधी केला नव्हता.

आमच्यात त्या दिवसांत एक अवघडलेपण होते. पाडव्याला दुकानात नव्या वर्षाचा मुहूर्त होतो. त्या दिवशी मुलाने पेढीवर बसावे, अशी माझी इच्छा होती आणि त्याने त्याआधी हो की नाही ते सांगावे, असे मी त्याला बजावले होते. विषय निघाला की तो क्षणभर गप्प होई आणि मग काहीतरी असंबद्ध बोलून उठून जाई. या गप्प बसण्याला मी टाळाटाळ समजत होतो.

मैदानावर पोहोचलो तेव्हा पाच-सहा मुले एका उघड्या, नळ्यांच्या सांगाड्याच्या गाडीभोवती उभी होती. अभियांत्रिकीचे विद्यार्थी खडबडीत वाटेवर धावणारी एकआसनी गाडी स्वतः तयार करतात आणि देशभरचे संघ एकत्र येऊन तिची परीक्षा घेतात, ती 'बाहा एसएईइंडिया' स्पर्धा. इंदूरजवळच्या पिथमपूर येथे २००७ साली तिचा आरंभ झाला. चढ, खड्डे, चिखल आणि शेवटी सलग चार तासांची शर्यत, असे तिचे स्वरूप असते. इंजिन लहानसे, एकाच सिलिंडरचे, हवेने थंड होणारे. रेडिएटर नाही, पाणी नाही. सिलिंडरभोवती धातूची पातळ पाती असतात आणि त्यांवरून जाणारी हवा उष्णता घेऊन जाते. परदेशात वाळूच्या टेकड्यांवर धावणाऱ्या ज्या 'ड्यून बग्गी' प्रसिद्ध आहेत, त्यांचीही कुळकथा अशीच आहे. कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स यांनी १९६४ साली फोक्सवॅगन बीटलचे हवेने थंड होणारे इंजिन हलक्या बांध्याच्या गाडीत बसवून आपली प्रसिद्ध बग्गी उभी केली. आमच्या मुलांची गाडी ही तिची गरीब कोल्हापुरी धाकटी बहीण म्हणावी.

दोष असा होता. इंजिन सुरू होई, संथ चाले, पूर्ण वेगातही ठीक धावे. परंतु संथ गतीवरून एकदम ॲक्सिलरेटर दाबला की ते क्षणभर दम टाकी, एखादा ठोका चुकल्यासारखे गप्प होई आणि मग झटका देऊन उसळे. सपाट जमिनीवर हे चालून गेले असते. चढाच्या पायथ्याशी मात्र त्याच क्षणी गाडी बंद पडे. स्पर्धेला तीन आठवडे उरले होते. मुलांनी प्लग बदलला, पेट्रोलची नळी बदलली, हवा कमी पडत असेल म्हणून एअर फिल्टर काढून टाकला आणि इंजिन बंद पडू नये म्हणून आयडलिंगचा स्क्रू आवळून संथ गतीच वाढवून ठेवली. हे सर्व एकाच दिवशी. त्यामुळे कशाने काय झाले, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

ते पाहताना मला आमच्या अण्णांची बुलेट आठवली. ऐंशीच्या दशकात अण्णा त्या गाडीवरून पन्हाळा, कागल, भुदरगड या भागांतील गुऱ्हाळांवर जात. मी कॉलेजात असताना ती गाडीही अशीच अडखळू लागली. दोन ठिकाणी दाखवून झाल्यावर मी ती शिवाजी उद्यमनगरातील एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. ओतकाम आणि ऑईल इंजिने यांवर नाव कमावलेल्या त्या वस्तीत कानाने इंजिन ओळखणारी माणसे तेव्हा गल्लोगल्ली होती. मी पाना काढून देऊ लागताच मिस्त्री म्हणाले, "धाकटे शेट, आधी गाडीला इचारा, मग पाना लावा."

त्यांनी खडूने मुठीवर खुणा केल्या आणि मला गाडी चालवायला लावली. कोणत्या खुणेवर अडखळते, एवढेच पाहायचे. बुलेटच्या कार्बोरेटरमध्ये मूठ जेमतेम उघडली असता पेट्रोल पायलट जेटमधून येते, मधल्या टप्प्यात सुई ते मोजून देते आणि पूर्ण उघडल्यावर मेन जेटचा अंमल सुरू होतो. दोष कुठल्या खुणेवर आहे हे कळले की तीन खोल्यांपैकी कोणत्या खोलीत शोधायचे ते ठरते. आमची गाडी पहिल्याच खुणेपाशी अडखळत होती. मग मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर आणि हेड यांच्या सांध्यावर बोटाने थोडे ऑईल लावले. इंजिनचा आवाज त्याच क्षणी बदलला. कोणीतरी बोल्ट अतिरेकी आवळल्याने कार्बोरेटरचे तोंड वाकले होते आणि त्या फटीतून नको असलेली हवा आत जात होती. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यांनी ते तोंड घासून सरळ केले, नवे पॅकिंग बसवले आणि काम संपले.

पुढील दोन महिने मी कॉलेज सुटल्यावर त्यांच्याकडे जात राहिलो. एके दिवशी अण्णांनी विचारले, "हंगाम तोंडावर आलाय. उद्यापासून पेढीवर येणार ना?" मी तत्काळ "हो" म्हटले. विचार करायला वेळ मागावा, हे मला सुचले नाही. त्या "हो"चा मला पश्चात्ताप आहे असे नाही. पेढीने आम्हाला मानाने जगवले. पण तो होकार माझा होता की अण्णांच्या आवाजाचा, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.

मैदानावर मी मुलांना प्रथम एवढेच सांगितले की, एका वेळी एकच गोष्ट करायची आणि ती वहीत लिहायची. आपल्या रोजमेळात जसा प्रत्येक व्यवहार स्वतंत्र ओळीत येतो, तसे. एअर फिल्टर पूर्ववत बसवला. दोष किंचित कमी झाला, गेला नाही. आयडलिंगचा स्क्रू मूळ जागी आणला. दोष स्पष्ट दिसू लागला. वाढवलेल्या गतीने त्यांनी तो बरा केला नव्हता, फक्त झाकला होता. मग चोक अर्धा ओढून ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला. चोकने हवा अडते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिन न अडखळता उचलले गेले. मुले चकित झाली. आजार कळला होता: हवा पुरेशी होती, पेट्रोल कमी पडत होते.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की हलकी हवा तत्क्षणी आत धावते. जड पेट्रोल मात्र मागे रेंगाळते. त्या निमिषापुरते मिश्रण पातळ होते आणि ठिणगी पडूनही ते नीट पेटत नाही. बीटलसारख्या मोठ्या इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये यासाठी एक छोटा पंप असतो. पाय दाबताच तो पेट्रोलची एक पिचकारी अधिक सोडतो. आमच्या छोट्या इंजिनात असा पंप नव्हता. त्याला त्या क्षणी एकट्या पायलट जेटचाच आधार होता.

सांध्यांवर ऑईल लावून पाहिले. आवाज बदलला नाही, म्हणजे बाहेरची हवा शिरत नव्हती. तेव्हा कार्बोरेटर उतरवला. खालच्या वाटीत पांढरी भुकटी आणि तपकिरी चिकट थर होता. चौकशी केली तेव्हा समजले की मागच्या स्पर्धेनंतर गाडी वाटीतील पेट्रोलसकट तशीच उभी होती. संपूर्ण पावसाळा त्यावरून गेला होता. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. ते महिनोन्महिने साचून राहिले तर कार्बोरेटरच्या धातूवर अशी भुकटी धरते. शिवाय एक ग्रॅम इथेनॉलला सुमारे ९ ग्रॅमच हवा पुरते, त्यामुळे जुन्या मापाच्या जेटमधून ते आले की मिश्रण आधीच थोडे पातळ असते. हे इथेनॉल आपल्याच भागातील उसापासूनही बनते. उसाच्या गुळावर पिढ्यान्पिढ्या जगलेल्या घरातील मुलाची गाडी उसाच्याच दुसऱ्या अपत्याने अडवावी, याची मला गंमत वाटली.

मेन जेट उजेडासमोर धरला, आरपार दिसले. मुलांनी तो स्वच्छ केला होता. पायलट जेटमधून मात्र काहीच दिसेना. एका मुलाने लगेच तार आणली. मी त्याचा हात धरला. पितळेचे ते छिद्र केसाएवढे असते. तारेने ते खरवडले की कायमचे मोठे होते आणि मग माप हातचे जाते. जेट क्लीनरमध्ये भिजत ठेवला. तासाभराने रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जाऊन कंप्रेसरच्या हवेने जेट व त्याची वाट फुंकून घेतली. पुन्हा उजेडासमोर धरला, तेव्हा सुईच्या टोकाएवढा प्रकाशाचा ठिपका दिसला. तो पाहून मुलाने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "पप्पा, हे तुम्ही कुठं शिकलात?"

कार्बोरेटर बसवता बसवता मी त्याला उद्यमनगरची हकीकत सांगितली. अण्णांचा प्रश्न आणि माझे उत्तरही सांगितले. तो काही बोलला नाही, पाना फिरवत राहिला. इंजिन सुरू झाले. त्याने ॲक्सिलरेटर एकदम दाबला आणि गाडी चढावर गेली. मुलांनी आरडाओरडा केला. सूर्य कलला होता. घरी ताटे वाढून ती वाट पाहत असेल, म्हणून आम्ही घाईने निघालो आणि दिवस मावळण्यापूर्वी जेमतेम पानावर बसलो.

परतताना बुलेटवर मागे बसलेल्या मुलाचे ते गप्प राहणे मला प्रथमच वेगळे वाटले. एकदम मागणी आली की क्षणभर गप्प होणे हा नेहमी खोडसाळपणा नसतो. मागणाऱ्याचा आवाज लगेच पोहोचतो. उत्तर आतून वर यायला वेळ लागतो. मी त्याच्याकडे पाडव्याची तारीख लावून उत्तर मागत होतो आणि उशीर झाला की आवाज वाढवत होतो. म्हणजे मीही आयडलिंगचा स्क्रूच आवळत होतो.

स्पर्धेत त्यांची गाडी तिसऱ्या तासाला पुढच्या चाकाचा सांधा तुटून थांबली. इंजिनाने दगा दिला नाही, हे मुलाने मला फोनवर दोनदा सांगितले. परत आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून, वाटीतील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मगच गाडी झाकून ठेवली, हेही सांगितले.

पाडव्याला मुहूर्ताच्या वेळी तो दुकानात आला, वहीला कुंकू लावले, सर्वांच्या पाया पडला. मी काहीच विचारले नाही. संध्याकाळी तोच म्हणाला, "पप्पा, दोन वर्षं मला इंजिनाच्या कारखान्यात काम करू द्या. मग पेढीचं सांगतो. तेव्हा सांगेन ते माझं स्वतःचं असेल."

मी "बरं" म्हटले. लगेच नाही; क्षणभर थांबून.