दीड इंच

मुलांनो, ‘मटणाची तंगडी’ हे एका पेटीचं नाव आहे असं सांगितलं तर तुम्ही हसाल. पण खरंच आहे! इंग्लंडमध्ये बंदूक ठेवायच्या एका चामडी पेटीला ‘लेग ऑफ मटन’ म्हणतात. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती, अगदी खाटकाच्या दुकानात टांगलेल्या तंगडीसारखी. आज दिवसभर मटणाची तंगडी शिवत होते, असं मी पहिल्यांदा आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही.

मी मूळची कोल्हापूरची. लग्नानंतर वॉल्सॉलला आले. बर्मिंगहॅमच्या वायव्येला असलेलं हे गाव म्हणजे खोगिरांचं गाव. घोड्याची खोगिरं, लगाम, पट्टे, पेट्या हाच इथला जुना धंदा. इथल्या फुटबॉल संघालासुद्धा लोक ‘सॅडलर्स’, म्हणजे खोगीरवाले, म्हणतात. इथे मी एका म्हाताऱ्या कारागिरांच्या हाताखाली चामड्याचं काम शिकले. ते आता ऐंशीच्या घरात आहेत, तरी आठवड्यातून दोन दिवस येऊन बसतात. तोंडावर मी त्यांना नावानंच हाक मारते, कारण इथली रीत तशी. पण जीभ अजून अडखळते, म्हणून मनातल्या मनात त्यांना मी ‘मिस्त्री’ म्हणते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी बंदुकांना हात लावत नाही. बंदूक आधी घरी काढून ठेवा आणि मग पेटी आणा, असं आम्ही गिऱ्हाइकाला पहिल्या फोनवरच सांगतो. आमचं काम फक्त जुन्या पेट्यांचं, आणि त्यातही छऱ्यांच्या छोट्या बंदुकांच्या पेट्यांचं.

‘छोटी’ म्हणजे केवढी? इथे एक गंमत आहे बरं का! समजा, एक पौंड शिसं घेतलं, म्हणजे सुमारे 454 ग्रॅम. त्याच्या सारख्या वजनाच्या 12 गोळ्या केल्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती 12 बोअरची बंदूक. 28 गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होणार, म्हणून नळीही लहान. म्हणजे आकडा मोठा, तर बंदूक छोटी! 12 बोअरची नळी साडेअठरा मिलिमीटर रुंद असते, 28 बोअरची 14 मिलिमीटर. त्याहून बारीक जी ‘फोर-टेन’, ती मात्र हा हिशेब पाळत नाही. तिचं नाव सरळ इंचात आहे, 0.410 इंच. सव्वादहा-साडेदहा मिलिमीटर धरा.

ही फोर-टेन हलकी, धक्का कमी देणारी. म्हणून शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या खेड्यांत शेतकरी-जमीनदारांच्या मुलांना पहिली बंदूक मिळायची ती बहुधा हीच. मोठ्या बंदुकीच्या पेटीत ती ठेवली तर डब्यात एकच लाडू ठेवल्यासारखी खुळखुळते. तिला तिच्या मापाचीच पेटी लागते. अशा पेट्या मुळात कमी झाल्या, आणि मुलांच्या हातात असल्यामुळे त्यातल्या कमीच टिकल्या.

2023 च्या नोव्हेंबरात अशी एक पेटी आमच्याकडे आली. ही ‘तंगडी’ नव्हती. सरळ चौकोनी होती. 29 इंच लांब, आत लाकडाची चौकट, वरून तपकिरी चामडं, पितळी कुलूप आणि कोपऱ्यांना जाड चामड्याच्या टोप्या. झाकणावर काळ्या रंगात तीन आद्याक्षरं. घेऊन आले होते श्रॉपशरमधले एक शेतकरी आजोबा, वय 79, आणि त्यांची 14 वर्षांची नात. नात आजोबांबरोबर शेतावर हवेत भिरकावलेल्या चकत्यांवर नेम धरायला शिकते. तिच्या फोर-टेनसाठी ही पेटी दुरुस्त करून हवी होती.

पेटी होती आजोबांच्या मोठ्या काकांची. आजोबांनी त्यांना कधी पाहिलेलंच नाही. काका 1917 साली बेल्जियममधल्या लढाईत गेले, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. बंदूक पुढे कुणीतरी विकून टाकली, पण पेटी माळ्यावर राहिली.

“नव्यासारखी करा,” आजोबा म्हणाले. “आतलं कापड सगळं बदला, आणि झाकणावर हिची अक्षरं घाला.”

मिस्त्रींनी पेटीवरून नुसता अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला.

या रोगाचं नाव ‘रेड रॉट’. चामडं आतून कुजतं आणि त्याचा विटकरी भुगा होतो. याचं कारण शोधणाऱ्यांत कोण होतं, माहीत आहे? विजेवर प्रयोग करणारे मायकेल फॅरडे! 1843 च्या सुमारास लंडनच्या अथेनियम क्लबातल्या चामडी खुर्च्या फाटू लागल्या, तेव्हा त्यांनी तिथल्या गॅसच्या दिव्यांकडे बोट दाखवलं. गॅस आणि कोळसा जळला की त्यातल्या गंधकाचा धूर होतो. तो चामडं शोषून घेतं, त्याचं आम्ल बनतं आणि ते आम्ल चामड्याचे तंतू तोडत जातं. आमचा हा सगळा मुलूख तर कोळशामुळे ‘ब्लॅक कंट्री’ म्हणूनच ओळखला जातो. मग चामड्याची काय कथा!

हा रोग उलटवता येत नाही, थोपवता येतो. सेल्युलोजपासून केलेली एक पूड अल्कोहोलमध्ये विरघळवून ती मऊ कुंचल्यानं लावायची. अल्कोहोल उडून जातं आणि सुटलेले तंतू बांधले जातात. पाणी मात्र लावायचं नाही. कुजलेल्या चामड्याला पाणी लागलं की ते काळं पडतं, कडक होतं, आणि ते डाग जन्मात निघत नाहीत.

आणि तेलही नको. आजोबा दर नाताळात पेटीला तेल चोपडायचे, मोठ्या प्रेमानं. त्या तेलानं कुलपाभोवती हिरवं मेण साठलं होतं. आपल्याकडे पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की कळकतो ना, त्याचाच हा भाऊ. चामड्यातल्या तेलाची आम्लं पितळेतल्या तांब्याशी मिळाली की असा थर चढतो. तो मी बांबूच्या टोकदार काडीनं सुका खरवडून काढला. तुमच्या घरी आजोबांची जुनी चामडी बॅग असेल, तर तिलाही तेल चोपडत बसू नका. पावसाळ्यात तिला प्लॅस्टिकमध्येही कोंडू नका, बुरशी येईल. कोरड्या फडक्यानं पुसा आणि वारा लागेल अशी ठेवा. इथे पेटीच्या धन्यालाही आम्ही एक सांगतो, पेटी फक्त ने-आण करायला. बंदूक तिच्यात महिनोन्‌महिने पडून राहिली तर चामडं नि कापड ओल धरतात आणि लोखंड गंजतं.

हे चामडं झाडांच्या साली-फळांत कमावलेलं, आपल्या कोल्हापुरी चपलेसारखंच. चपलेच्या चामड्याला बाभळीची साल आणि हिरडा लागतो. इंग्लंडमध्ये ओकची साल वापरत, पण हिरडाही वापरत! आणि हा हिरडा जहाजानं जायचा आपल्या देशातून. व्यापाऱ्यांनी त्याच्या प्रकारांना जागांची नावं दिली होती. त्यातलं एक नाव होतं ‘व्हिंगोर्ला’. म्हणजे आपलं वेंगुर्लं! हे मला मिस्त्रींनी सांगितलं तेव्हा मी त्यांना आजीच्या बटव्यातल्या हिरड्याची गोष्ट सांगितली. खोकल्यावर हिरडा चघळतात हे ऐकून त्यांनी तोंड असं केलं, जसं काही मी खोगीर चघळायला सांगितलं.

पेटीचं पहिलं काम मात्र आमच्या कारखान्यात नाही, माझ्या घरी झालं. आतल्या लाल बनातीला, म्हणजे लोकरीच्या जाड कापडाला, कसर लागली होती. औषधं फवारण्यापेक्षा सोपा उपाय थंडीचा. पेटी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवली की अळ्या नि अंडी मरतात. मटारांच्या पिशव्या शेजाऱ्यांकडे पाठवाव्या लागल्या.

मग शिवण. झाकणाची चामडी बिजागरी पार तुटली होती. तिथे जुनं चामडं काढून टाकत नाही. ते अलगद उचलायचं, खाली नवी पट्टी सारायची, गव्हाच्या खळीनं चिकटवायची. नव्या पट्टीच्या कडा रापीनं कागदासारख्या पातळ तासायच्या, नाहीतर वरून वळ दिसतो. शिवायला दोन सुया आणि एकच दोरा. तागाच्या जातीचा, पण त्याहून चिवट असा लिननचा दोरा मेणातून ओढून घ्यायचा. आरीनं भोक पाडायचं आणि दोन्ही सुया त्याच भोकातून समोरासमोर काढायच्या. मशीनचा टाका एक तुटला की शेजारचेही उसवत जातात. या शिवणीत एक तुटला तरी बाकीचे धरून राहतात. जुनी भोकं होती इंचाला आठ. मी त्याच भोकांतून शिवत गेले.

डिसेंबरात ती मुलगी आजोबांबरोबर पुन्हा आली. शाळेला सुट्टी होती. तिला म्हटलं, बस, बघ. तीही आपल्यासारखीच, नुसतं बघत बसेल तर शपथ!

पेटीच्या ज्या कप्प्यात बंदुकीचा दस्ता राहतो, त्याच्या टोकाला एक लाकडी आडपट्टी होती, दस्ता मागेपुढे सरकू नये म्हणून. ती सैल झाली होती, म्हणून मी उचलली. खालची बनात निघाली लालभडक, दुकानातून आणल्यासारखी. बाकी सगळी तेलकट, विरलेली.

मुलीनं बोट ठेवलं ते दुसरीकडेच. “इथे दोन भोकं आहेत. खिळे नाहीत.”

खरंच की! आडपट्टीच्या जागेपासून थोडं आत बनात एका सरळ पट्ट्यात दबलेली होती, आणि तिथे दोन रिकामी भोकं, कडेनं गंज धरलेली. मिस्त्री उठून आले. त्यांनी खिशातून घडीची फूटपट्टी काढून मोजलं. दीड इंच.

“पोरगं वाढलं,” ते म्हणाले, आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसले.

मग मी तिला समजावून सांगितलं. लहान मुलाचे हात आखूड, म्हणून त्याच्या बंदुकीचा दस्ता आखूड करत. मुलगा वाढला की मागे लाकडाचा तुकडा जोडून दस्ता लांबवत. आपल्याकडे परकराची दुमड उसवून तो लांब करतात तसंच. दस्ता वाढला तो पेटीत मावेना, म्हणून कुणीतरी आडपट्टी काढून दीड इंच मागे ठोकली.

आजोबा बराच वेळ त्या भोकांकडे बघत होते. घरात काकांचा एकच फोटो, तो गणवेशातला. “आमच्याकडे तो कायम एकोणीस वर्षांचाच होता,” ते म्हणाले. बनात बदलायचं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

अक्षरांवर मात्र ते अडून बसले. पेटी नातीची, तर नाव नातीचं हवं. त्यांचंही चूक नव्हतं. पैसे देणारे ते, आणि पेटी त्यांच्या घरची. मला विचाराल तर त्या कुजक्या चामड्यावरचा रंग खरवडणं म्हणजे चामडंच खरवडणं, आणि मी ते सांगितलं. शेवटी निकाल लावला मुलीनं. तिन्हींतलं शेवटचं अक्षर आडनावाचं, ते तर तिचंही आहे. “एक आधीच आहे ना माझं,” ती म्हणाली. मुठीला बांधायला चामड्याची छोटी चिठ्ठी करून त्यावर तिची अक्षरं उठवायची ठरलं. ती चिठ्ठी तिनं स्वतः शिवली. टाके वाकडे आलेत, पण पक्के आहेत. मिस्त्रींनी ओढून पाहिले.

बनात जिथे कसरीनं खाल्ली होती तिथेच फक्त ठिगळं लावली, रंग जुळवून. झाकणाच्या आत बर्मिंगहॅमच्या बंदूककाराचं कागदी लेबल होतं. त्याचे सुटलेले कोपरे खळीनं बसवले, डाग तसेच ठेवले.

राहिली आडपट्टी. मुलीच्या बंदुकीचं माप घेतलं, तर तिचा दस्ताही आखूडच निघाला. लांबच्या जागी पट्टी ठेवली तर बंदूक खुळखुळणार. म्हणून पट्टी पुन्हा दीड इंच पुढे आणली, त्या पोराच्या पहिल्या दोन भोकांवर. भोकं बरोबर जुळली. खिळे मात्र ठोकले नाहीत, पितळी स्क्रू लावले. मुलगी उंच होणारी दिसते. दोन-तीन वर्षांत पट्टी परत मागे न्यावी लागेल, आणि ते काम तिचं तिला घरीच करता येईल.