आय लाइक आंबा

“चार वर्षं बी.ई.ची फी भरली, ती काय जपानला जाऊन ए फॉर ॲपल शिकवायला?”

हा प्रश्न बाबांचा. आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता विचारलेला. गंमत अशी की इंटरव्ह्यूच्या तयारीसाठी मी वहीत जे संभाव्य प्रश्न लिहून काढले होते, त्यात पहिला नंबर याच प्रश्नाचा होता, फक्त जरा सभ्य इंग्रजीत. वहीत त्याच्यापुढची जागा मी कोरीच ठेवली होती. त्या रात्री बाबांनाही उत्तर दिलं नाही. पाणी प्यायला उठले आणि परत आलेच नाही.

मंडळी, पुढे जाण्याआधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. मराठीत दहावीनंतर काही म्हणजे काही लिहिलेलं नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाच्या भरवशावर!

तर हे जपान प्रकरण काय आहे? तिथल्या सरकारी शाळांत जपानी शिक्षकाच्या जोडीला इंग्रजी बोलणारा एक परदेशी सहायक असतो. जपान सरकारची ‘जेट’ नावाची योजना त्यासाठी १९८७ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी ४ देशांतून ८४८ जण गेले होते. आता बऱ्याच गावांची शिक्षण मंडळं खाजगी कंपन्यांकडूनही असे सहायक घेतात. २०२० पासून तिथे तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास आणि पाचवी-सहावीला ७० तास इंग्रजी आहे. म्हणजे माणसं लागतातच. माझा अर्ज अशाच एका कंपनीत आहे.

पदवी कुठलीही चालते. मेकॅनिकलचीसुद्धा! अट वेगळीच आहे. इंग्रजी ही ज्याची मातृभाषा नाही, त्याचं निदान १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं असलं पाहिजे. माझं बरोबर बारा भरतं, शाळेची दहा आणि ज्युनिअर कॉलेजची दोन. (इंजिनिअरिंगची चार धरली तर सोळा, पण आपल्याकडे थर्मोडायनॅमिक्स नक्की कुठल्या भाषेत समजावतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.) त्याचं पत्र शाळेकडून लेखी हवं होतं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा पाच वर्षांनी शाळेत पाय ठेवला.

पत्र दहा मिनिटांत मिळालं. मी मात्र गेटपाशी अर्धा तास उभी होते.

आमच्या शाळेत मराठी बोललं की पाच रुपये दंड. मॉनिटरकडे एक लाकडी चकती असायची. जो सापडेल त्याच्या हातात ती जायची, मग त्यानं दुसऱ्याला पकडून द्यायचं. शाळा सुटताना जिच्या हातात चकती, तिनं पैसे भरायचे. माझे पैसे आजी द्यायची, तिच्या बटव्यातून, आईला न सांगता. आणि तिसरीत असताना एकदा मी डबा विसरले, तो घेऊन आजीच गेटवर आली. “अगं, पोळी गरम आहे, लगेच खा,” म्हणाली. मॉनिटर मागेच उभी होती. मी डबा घेतला, एक शब्द बोलले नाही आणि वळून चालायला लागले. आजीनं दोनदा हाक मारली. संध्याकाळी मीच तिला वर सांगितलं, तू शाळेत येत जाऊ नकोस. ती परत कधी आली नाही. पैसे मात्र देत राहिली.

हे मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. असो.

तयारीकडे वळते. इंटरव्ह्यूत पाच मिनिटांचा डेमो द्यायचा होता. समोरचे मोठे लोक आठ-नऊ वर्षांची जपानी मुलं आहेत असं समजायचं आणि ‘आवडते पदार्थ’ शिकवायचे. जपानी वापरायचं नाही, व्याकरण सांगायचं नाही. हातवारे, चित्रं, हसरा चेहरा. तिकडे या उत्साहाला ‘गेन्की’ म्हणतात. आम्हाला व्हायवाला मान खाली घालून उभं राहायची सवय, गेन्की कुठून आणायचं?

होस्टेलवर रूममेटवर प्रयोग करून पाहिला. पण तिला इंग्रजी येतं, तिला ‘आय लाइक ॲपल्स’ काय शिकवणार? ती फोन बघत ‘यस टीचर’ म्हणायची. मला इंग्रजी अजिबात न येणारं माणूस हवं होतं. घरी तसं एकच माणूस होतं. चौथी शिकलेलं.

आजी लगेच तयार झाली. पदर खोचून पाटावर बसली. मी कार्डं काढली होती, सफरचंद, केळं, आंबा, दूध. नियम सांगितला, की पाच मिनिटं मी मराठी बोलणार नाही. बोलून झाल्यावर माझ्याच लक्षात आलं, मी काय म्हणाले ते. आजी काही बोलली नाही.

पहिला डेमो म्हणजे शुद्ध आपटी. मी भरभर बोलत होते. आजी एकदा कार्डाकडे, एकदा माझ्या तोंडाकडे बघायची. दीड मिनिटात मी वैतागून म्हणाले, “अगं आजी, तसं नाही, माझ्यामागून म्हण!”

आजीनं शांतपणे हात पुढे केला. “पाच रुपये.”

आई स्वयंपाकघरात इतकी हसली की दूध उतू गेलं. मी पण हसले, पण घशाशी काहीतरी आलंच.

पैसे खरंच घेतले हं तिनं. मग म्हणाली, “तुझं सगळं ऐकू येतं गं, पण तू थांबत नाहीस. मी तोंड उघडेपर्यंत तू पुढच्या फळावर.” एवढा नेमका शेरा मला होस्टेलवर कुणी दिला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून कार्ड दाखवलं की मनात तीन आकडे मोजायचे. मग आजी बोलायला लागली. ‘मिल्क’चं ‘मिलिक’, जसं आमच्याकडे फ्रिजचं ‘फिरीज’ होतं. जपानी मुलंही हेच करतात. त्यांच्या भाषेत असं जोडाक्षर बसत नाही, म्हणून मिल्कचं ‘मिरुकु’, डेस्कचं ‘देसुकु’. मला एकदम धीर आला. ही मुलं अनोळखी नाहीत, माझ्या घरात पाटावर बसलेली आहेत!

(जाता जाता, वर्षभर मी थोडं जपानी शिकतेय. ‘वाताशी वा रिंगो ओ ताबेमासु’, मी सफरचंद खाते. क्रियापद शेवटी, अगदी मराठीसारखं. आणि ‘त्सुकुए’ म्हणजे टेबल, त्यातला ‘त्सु’ आपण ‘चूल’ म्हणताना रोजच काढतो. इंग्रजीतून जपानीकडे जाणं मला लांबचं पडलं, मराठीतून ते शेजारच्या गल्लीत निघालं.)

चौथ्या दिवशी मी विचारलं, “व्हॉट डू यू लाइक?” तीन आकडे मोजले. आजी म्हणाली, “आय लाइक आंबा.”

माझं तोंड सवयीनं उघडलं. नो! मँगो! बारा वर्षं जे ऐकलं तेच बाहेर पडणार होतं. आणि आजीनं माझा चेहरा बघून आपलं तोंड मिटलंसुद्धा. तो चेहरा मला माहीत होता. चकती हातात आली की आम्हा सगळ्यांचा व्हायचा.

मी आंब्याचं कार्ड उचललं आणि म्हणाले, “यस! यू लाइक मँगोज! आय लाइक मँगोज टू!” आजी परत म्हणाली, “आय लाइक मँगो.” चूक दाखवायची नाही, बरोबर वाक्य सहज परत म्हणायचं, हे मी पुस्तकात वाचून अधोरेखित केलं होतं. करताना त्याला इतका जोर लागेल असं वाटलं नव्हतं.

त्या रात्री वहीतली कोरी जागा भरली. आधी तिथे चेरी ब्लॉसम, शिस्त, बुलेट ट्रेन असलं इंटरनेटवरचं सगळं लिहून खोडलं होतं. आता लिहिलं: मी इंग्रजी घाबरून शिकले, घाबरवल्याशिवाय ते शिकवता येतं का हे मला करून बघायचं आहे. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “उत्तर चांगलं आहे. पण करार एका वर्षाचा ना? मग पुढे? आणि कॅम्पसची ऑफर?” ऑफर लेटर आहे, जॉइनिंग कधी ते माहीत नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र कधी सुरू होणार ते माहीत आहे. बाबा चुकीचं बोलत नव्हते. “तेवढं मला नाही माहीत,” म्हणाले. निदान या वेळी पाणी प्यायला उठले नाही.

जपान आपल्या साडेतीन तास पुढे. इंटरव्ह्यू त्यांच्या सकाळी दहाला, म्हणजे आपल्या साडेसहाला. मी पाचला उठले. ब्लेझर घातला, खाली घरचा पायजमा. वायफायवर विश्वास नाही म्हणून आईचा फोन हॉटस्पॉटला. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. सहा वाजता बाबा आले, स्क्रीनकडे बघत म्हणाले, “तोंडावर अंधार येतोय,” आणि आतून टेबल लॅम्प आणून लॅपटॉपमागे पुस्तकांवर ठेवला. दोनदा हलवून बघितला आणि काही न बोलता पेपर आणायला गेले.

आजी दारात रांगोळी काढत होती. तिला सांगून ठेवलं होतं की आज आवाज करायचा नाही. साडेसहाला पाच कमी असताना ती आत डोकावली, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी भिंतीला धरून उभी राहिली आणि बोटांनी खुणावलं. एक, दोन, तीन.

मी मान हलवली आणि ‘जॉइन’चं बटण दाबलं.