निरोप समोर बसून द्यावा

पोळ्याला आपण म्हाताऱ्या बैलाचीही शिंगे रंगवतो. माणसाला निरोप देताना मात्र ही रीत विसरतो.

अजित वाडेकरांचेच पाहा. १९७१ साली त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड, दोन्हीकडे मालिका जिंकल्या. १९७४ मध्ये इंग्लंडात तिन्ही कसोट्या हरलो, आणि त्यांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले. मग ते निवृत्तच झाले. उलट २०१३ साली सचिन तेंडुलकरचा शेवटचा सामना घरच्या वानखेडे मैदानावर झाला. आईने तो डोळे भरून पाहिला.

मीही चुकलो आहे. दुसरबीडला कबड्डीचा संघ निवडताना एका जुन्या गड्याचे नाव मी गाळले. गावोगाव फिरून शेतकऱ्यांशी बोलणारा मी, त्याच्या दारात गेलो नाही. फळ्यावरची यादी वाचून त्याला कळले. तो पुन्हा मैदानाकडे फिरकला नाही. आजही तो दिसला की माझी मान खाली जाते.

जागा नव्याला द्यावीच लागते. पण आधी घरी जाऊन सांगा, कारण सांगा, पोरांना शिकवण्याचे काम त्याच्याकडे द्या. पाडव्याला थकलेल्या सालदाराचे साल संपते, तेव्हाही एवढे कराच.