अर्थ लागत नाही

“मेडम, अर्थ सरि इल्ला,” टाकी उतरवून ठेवलेल्या माझ्या मोटारसायकलीत डोकं घालून ते म्हणाले. मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते, त्यामुळे अर्थ बरोबर नाही हे मला बऱ्याच जणांनी सांगून झालंय. गांधी बाजाराजवळच्या गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून ऐकायची मात्र तयारी नव्हती. त्यांना म्हणायचं होतं ‘अर्थिंग’. कन्नड काय, मराठी काय, मेकॅनिकच्या तोंडी त्याचा ‘अर्थ’च होतो.

गाडीवर स्पीकर का, हे घरी कुणालाच पटलेलं नाही. टेबलावर बसून स्वतःचा मसुदा वाचताना मला जे लिहायचं होतं तेच दिसतं, जे लिहिलंय ते दिसत नाही. म्हणून मी तो मोठ्यानं वाचून फोनवर रेकॉर्ड करते आणि बेळगावला माहेरी जाताना ऐकते. पाचशे किलोमीटरांत एक अख्खी कादंबरिका होते. ताशी साठच्या पुढे वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही, ती गोष्ट वेगळी. इअरफोन घालून गाडी चालवणं मला पटत नाही.

मार्चमध्ये लेक मागे होती. शिरा ओलांडलं, रात्रीचे साडेआठ झाले होते, आणि हेडलाइट गेला. एकदम, पूर्ण. मागून ट्रक. लेकीनं मोबाइलचा टॉर्च मागे धरला आणि मी अंदाजानं गाडी कडेला घेतली. दोघींपैकी कुणीही बराच वेळ बोललं नाही. तेवढ्यात जळक्या प्लास्टिकचा वास आला.

तो वास कुठून आला ते आता दिसत होतं. आधी ज्यानं स्पीकर बसवले त्यानं हेडलाइटची वायर सोलून, तिला पीळ मारून, वर टेप गुंडाळून अ‍ॅम्प्लिफायरला करंट दिला होता. वेगळा फ्यूज नाही. तो जोड तापून वितळला आणि उघडी तार चासीला टेकली. गाडीचा मूळ फ्यूज उडाला म्हणून आम्ही वाचलो. जोड बरोबर पेट्रोलच्या टाकीखाली होता. मी तो हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला.

पुढचं काम दोन तासांचं. बॅटरीच्या प्लसवरून थेट नवी वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर पंधरा अँपिअरचा फ्यूज, मग रिले. इग्निशनची वायर फक्त रिलेला जागं करते. भार तिच्यावर नाही. आधीची वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची, आताची अडीचची. त्यांनी पाकिटाच्या मागे हिशेब करून दाखवला: जाऊन-येऊन चार मीटर, आठ अँपिअर. बारीक वायरीत सव्वा व्होल्ट वाटेतच जिरतात, जाड वायरीत पाव. बाराच्या बॅटरीत सव्वा म्हणजे दहावा हिस्सा. अनुवादात वाटेत किती जिरतं याचा असा हिशेब कुणी मांडून दिला असता तर!

सगळं जोडलं तरी स्पीकरमधून बारीक शिट्टी येत होती. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की ती चढायची. अ‍ॅम्प्लिफायरची अर्थ हँडलजवळ रंग दिलेल्या नटाला आणि फोनच्या चार्जरची भलतीकडेच; दोन अर्थांमधल्या फरकातून अल्टरनेटर गात होता. त्यांनी दोन्ही काळ्या तारा बॅटरीच्या मायनसवर एकाच जागी आणल्या. शिट्टी थांबली.

चाचणीसाठी मी चालू मसुद्याचं रेकॉर्डिंग लावलं. रस्त्यात उभं राहून आपलाच आवाज ऐकणं लाजिरवाणं असतं. एका वाक्यात तीन ‘आणि’ होते, घरी चार वेळा वाचूनही न दिसलेले. ते मात्र शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, मराठी येत नाही, पण बाई कुणावर तरी रागावलीय, खरं ना? खरं होतं. मूळ कन्नडमध्ये ती रागावलेली नाही, दुखावलेली आहे.

ते पान मी पुन्हा केलं. गणपतीत बेळगावला जाऊनही आले, दिवसाउजेडी. लेक बसनं आली.